वेग जातो कुठे?

२४ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अटलांटिक महासागरावर एअर ट्रान्सॅटच्या एका एअरबस ए-३३० विमानाची दोन्ही इंजिनं तेरा मिनिटांच्या अंतरानं बंद पडली. टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या त्या विमानात ३०६ माणसं होती. इंधनाच्या नळीला गळती लागून टाक्या रिकाम्या झाल्या होत्या. दुसरं इंजिन थांबलं तेव्हा विमान साडेचौतीस हजार फुटांवर होतं आणि अझोरेस बेटांवरची लाजेसची धावपट्टी अजून सुमारे १२० किलोमीटर दूर होती. कॅप्टन रोबेर पिशे यांनी विमान तिथवर नेलं. १९ मिनिटं ते इंजिनाशिवाय उडत राहिलं, आणि ३०६ जणांपैकी एकाचाही जीव गेला नाही.

या हकिगतीतला सर्वांत विचारात पाडणारा भाग शेवटचा आहे. लाजेस जवळ आल्यावर वैमानिकांपुढे अडचण उभी राहिली ती जास्तीच्या उंचीची आणि जास्तीच्या वेगाची. उंची घालवण्यासाठी त्यांनी एक पूर्ण वळसा घेतला, मग नागमोडी वळणं घेतली, आणि तरीही विमान नेहमीपेक्षा बरंच जोरात, ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगानं टेकलं. इंधनाचा थेंब नसलेल्या विमानाजवळ गती उरली होती, आणि नको इतकी उरली होती.

ते विमान कोण चालवत होतं? आणि ते थांबलं तेव्हा त्याची गती कुठे गेली? आज हे प्रश्न शाळेतल्या विज्ञानाचे वाटतात. पण दोन हजारांहून अधिक वर्षं ते धर्मचिंतनाचे प्रश्न होते. ग्रीक, ख्रिस्ती, वैशेषिक, बौद्ध, वेदान्ती अशा सगळ्यांनी त्यांच्याशी झुंज घेतली, कारण चालत्या वस्तूला सतत कुणीतरी चालवावं लागतं की नाही, यावर ईश्वराचं विश्वातलं काम ठरत होतं.

अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तर ठाम होतं: जे जे हलतं त्याला दुसरं काहीतरी हलवत असतं, आणि हलवणारं थांबलं की हलणारंही थांबतं. बैल थांबले की गाडी थांबते, हे कुणाला नाकारता येईल? या साध्या निरीक्षणातून तो पायरी पायरीनं वर गेला. हलवणाऱ्याला हलवणारा, त्याला हलवणारा, असं अनंतापर्यंत जाता येत नाही. म्हणून शेवटी स्वतः न हलता सर्वांना हलवणारा एक आद्य चालक असलाच पाहिजे. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस यांनी ईश्वराच्या अस्तित्वाचे पाच मार्ग सांगितले तेव्हा पहिला मार्ग हाच होता. युरोपातल्या ईश्वरसिद्धीचा एक मोठा खांब असा गतीच्या प्रश्नावर उभा राहिला.

अ‍ॅरिस्टॉटलला खुपणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे फेकलेला दगड. हात सुटला तरी दगड पुढे जातो. मग त्याला चालवतं कोण? त्यानं ते काम हवेकडे सोपवलं. फेकणारा माणूस आसपासच्या हवेलाही रेटा देतो आणि ती हवा दगडाला पुढे नेते, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या एका ठिकाणी, पोकळी अशक्य का आहे हे सांगताना, तो असंही लिहून जातो की पोकळीत एकदा हललेली वस्तू कुठे का थांबावी याला काहीच कारण उरणार नाही, ती कायमची चालतच राहील. जडत्वाचा नियम त्याच्या हाताशी येऊन ठेपला होता. त्याला ते इतकं अशक्य वाटलं की पोकळीच असू शकत नाही याचा पुरावा म्हणून त्यानं ते मांडलं. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात सत्याच्या इतक्या जवळून परत फिरल्याची उदाहरणं फार थोडी असतील.

वरवर पाहिलं तर जेट विमान अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूनं साक्ष देतं. इंजिन अखंड घोंघावत असतं आणि विमान अखंड पुढे जात असतं. इंजिन कमी केलं तर वेग कमी होतो किंवा उंची. मग चालवणारा आहे म्हणून चालणं आहे, असं का म्हणू नये?

याचं उत्तर इंजिन नेमकं काय करतं यात आहे. आजच्या टर्बोफॅन इंजिनाच्या तोंडाशी माणसाहून उंच पंखा असतो. ए-३२० निओ जातीच्या विमानांना बसणाऱ्या लीप इंजिनात या पंख्यानं ओढलेल्या हवेपैकी एक भाग आत जळणात जातो आणि त्याच्या सुमारे अकरा पट हवा गाभ्याला वळसा घालून तशीच मागे फेकली जाते. जळणाची सारी धडपड मुख्यतः तो पंखा फिरवण्यासाठी. हवेला मागच्या दिशेनं वेग दिला की तेवढाच संवेग विमानाला पुढच्या दिशेनं मिळतो, हाच रेटा. थोडी हवा खूप जोरात फेकण्यापेक्षा खूप हवा थोड्या जोरानं फेकणं स्वस्त पडतं, कारण रेटा वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण खर्ची पडणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. दुप्पट हवेला निम्मा वेग दिला तर रेटा तोच राहतो आणि हवेला द्यावी लागणारी ऊर्जा निम्म्यावर येते. गेल्या साठ वर्षांत विमानांची इंजिनं जाड होत गेली त्यामागे हे साधं गणित आहे.

इथे एक समजूत फार चिवट आहे: मागे फेकलेला झोत बाहेरच्या हवेवर आपटतो आणि म्हणून विमान पुढे जातं. १९२० च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखानं रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्ड यांची याच समजुतीपोटी टर उडवली होती. पोकळीत रेटा द्यायला काहीच नाही, मग रॉकेट तिथे चालेल कसं, असा त्याचा सूर होता. अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना, १७ जुलै १९६९ ला, त्या वृत्तपत्रानं आपली चूक छापून मान्य केली. झोताला टेकायला मागे काही लागत नाही. झोत निर्माण होतानाच, इंजिनाच्या आतच, देणंघेणं पुरं झालेलं असतं.

आता विमान छत्तीस हजार फुटांवर, एकाच वेगानं, सरळ जात आहे असं धरू. साठ टन वजनाच्या विमानाला तिथे साधारण साडेतीन टन वजनाइतका रेटा लागतो. आणि हवेचा विरोधही नेमका तेवढाच असतो. पुढचा रेटा आणि मागची ओढ एकमेकांना फेडून टाकतात, वरची उचल आणि खालचं वजन एकमेकांना फेडतात, आणि विमानावरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य होते. ताशी साडेआठशे किलोमीटर वेगानं जाणाऱ्या विमानावर निव्वळ बल शून्य. इंजिन तिथे गती निर्माण करत नसतं. हवा जेवढी गती हिरावून घेते तेवढी ते भरून काढत असतं. हवा नसती तर इंजिनाची गरज नव्हती. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर जात आहे आणि त्याला मागून कुणीही ढकलत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलच्या हवेला पहिला जोरदार धक्का सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या जॉन फिलोपोनस या ख्रिस्ती विद्वानानं दिला. हवाच जर दगडाला नेत असेल, तर काठीच्या टोकावर दगड ठेवून मागून यंत्रांनी कितीही हवा ढकला, तो हातभरही पुढे जाणार नाही, हा त्याचा युक्तिवाद. त्याच्या मते फेकणारा दगडातच एक अमूर्त शक्ती घालतो, आणि दगड तिच्यावर चालतो.

साधारण त्याच काळात, म्हणजे सहाव्या शतकाच्या आसपासचे मानले जाणारे प्रशस्तपाद भारतात वैशेषिक दर्शनावर लिहीत होते. कणादांच्या सूत्रांत बाणाचं विवेचन आधीच आलेलं होतं: बाणाची पहिली क्रिया धनुष्याच्या दोरीच्या नोदनामुळे, म्हणजे ढकलण्यामुळे, पुढच्या क्रिया त्या क्रियेनं उपजलेल्या संस्कारामुळे, आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे पतन. प्रशस्तपादांनी या संस्काराला, वेगाला, काटेकोर रूप दिलं. वेग क्रियेतून उपजतो, त्याला ठरावीक दिशा असते, तो क्रियांची साखळी पुढे चालू ठेवतो, आणि स्पर्श असलेल्या द्रव्याशी विशिष्ट संयोग झाला की तो नाश पावतो. शेवटचा भाग पुन्हा वाचण्याजोगा आहे. वेग आपोआप विरत नाही. ज्याला स्पर्श आहे अशा कशाशी तरी गाठ पडल्यावरच तो जातो. विमानाचा वेग खाणारी हवा नेमकी तशी आहे.

हा वेग एकच असून बाण पडेपर्यंत टिकतो, की क्षणोक्षणी नवा वेग जुन्याच्या जागी उपजतो, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात वाद होता. हा वाद किरकोळ नव्हता. एकच वेग टिकतो म्हटलं तर वस्तूत काहीतरी साठून राहतं, असं मानावं लागतं. क्षणोक्षणी नवा म्हटलं तर प्रत्येक क्षणाला नव्या कारणाची जबाबदारी येते. वेगाचं हे विवेचन महाराष्ट्रातल्या संस्कृतच्या अभ्यासकांना परिचित आहे, कारण तर्कसंग्रहात ते येतंच. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघालेली तर्कसंग्रहाची आवृत्ती त्या ग्रंथाच्या अभ्यासात आजही नावाजली जाते. त्यात संस्कार तीन प्रकारचे सांगितले आहेत: बाणाला पुढे नेणारा वेग, अनुभवातून स्मृती घडवणारी भावना, आणि वाकवलेल्या फांदीला पूर्वपदावर आणणारा स्थितिस्थापक. एका कृतीची खूण मागे राहते आणि ती पुढच्या घटना घडवते, हा या तिन्हींमधला समान धागा.

या वारशाबद्दल अलीकडे एक दावा फिरतो की कणादांनी न्यूटनचे तीन नियम सांगून ठेवले होते. पुरावा म्हणून प्रशस्तपादांच्या त्या एका वाक्याचे तीन तुकडे करून तीन नियम म्हणून दाखवले जातात. हे त्या वाक्यावर अन्याय करणारं आहे. वेगाचा संयोगाशी विरोध असणं म्हणजे क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असणं नव्हे. आणि प्रशस्तपादांच्या मते वेग हे गतीचं कारण आहे. न्यूटनच्या मते एकसमान गतीला कारणच लागत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो झाकल्यानं कुणाचाच मान वाढत नाही. तीच गोष्ट वैमानिक शास्त्राची. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. पण वैमानिक शास्त्र हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहून घेतलेला आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं की त्यातली विमानं उडू शकणारी नाहीत. उडत्या विमानाबद्दल भारतीय परंपरेजवळ खरोखर मोलाचं जे आहे ते बाणाच्या त्या चिंतनात आहे, आणि ते अस्सल आहे.

ईश्वराच्या प्रश्नाला सर्वांत धीट कलाटणी दिली ती चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँनं. तो धर्मसंस्थेतला माणूस होता. फिलोपोनसची कल्पना पुढे नेत त्यानं म्हटलं की फेकलेल्या वस्तूला मिळालेला आवेग कायम टिकणारा असतो, त्याला फक्त विरोधच कमी करतो. आणि मग त्यानं आकाशाकडे पाहिलं. ग्रहगोल फिरवण्यासाठी देवदूतांची गरज मानली जात होती. ब्युरिदाँनं सुचवलं की ईश्वरानं सृष्टीच्या वेळीच गोलांना आवेग दिला असेल. तिथे विरोध नाही, म्हणून ते फिरतच राहतील, देवदूतांना ढकलत बसण्याचं कारण नाही. एका श्रद्धावान माणसानं विश्वाच्या इंजिनावरून देवदूतांना मोकळं केलं आणि त्याच्या श्रद्धेला त्यानं तडा गेला नाही, ही गोष्ट आज दोन्ही बाजूंच्या लोकांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

वैशेषिकांनाही हा प्रश्न वेगळ्या वाटेनं भेटला. ज्या हालचालीचं कारण दिसत नाही तिथे कणादांनी अदृष्ट ठेवलं: सुई लोहचुंबकाकडे जाते ते अदृष्टामुळे, ज्वाळा वर जाते ते अदृष्टामुळे, वारा आडवा वाहतो ते अदृष्टामुळे, आणि परमाणूंची अगदी पहिली हालचाल, तीही अदृष्टामुळे. पुढे प्रशस्तपादांनी सृष्टीच्या आरंभी परमाणूंच्या या पहिल्या क्रियेमागे महेश्वराची सृष्टी करण्याची इच्छा मांडली. त्या यादीकडे आज पाहिलं तर एक एक नाव गळून पडलेलं दिसतं. चुंबकाचं कारण सापडलं. ज्वाळेचं सापडलं: गरम हवा हलकी असते. वाऱ्याचंही सापडलं. शेवटचं नाव मात्र यादीत तसंच आहे. ज्यांना ईश्वर मानायचा आहे त्यांनी तो चुंबकावर किंवा चालू गतीवर टांगू नये, हे या इतिहासातून स्पष्ट दिसतं. चालू गतीला ढकलणारा लागत नाही. पहिल्या हालचालीचा प्रश्न त्याहून फार खोल आहे, आणि त्याला हात घालताना चालत्या बैलगाडीचा दाखला पुरत नाही.

करणारा निघून गेला तरी केलेलं चालू राहतं, हे सांख्य आणि वेदान्त यांनाही फार जवळचं होतं. ज्ञान झाल्यावर शरीर लगेच का गळून पडत नाही? सांख्यकारिकेनं कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त दिला, शंकराचार्यांनी सुटलेल्या बाणाचा. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी यावर दृष्टान्तांची माळच गुंफली आहे: वारा थांबला तरी झाडाचं डोलणं उरतं, लक्ष्य भेदल्यावरही भरलेलं बळ असेतो बाण धावतो, मडकं उचलून नेलं तरी चाक फिरत राहतं. लाजेसकडे घरंगळणारं ते विमान याच जातीचं उदाहरण आहे. इंजिनांनी काही तासांपूर्वी जे काम केलं होतं ते उंचीच्या रूपानं शिल्लक होतं, आणि ती शिल्लक हळूहळू खर्चत विमान पुढे जात होतं. ती खर्चण्याचं कौशल्य मात्र त्या १९ मिनिटांत वैमानिकांना स्वतःचं दाखवावं लागलं. माउलींच्या दृष्टान्तांमधल्या चाकाला आणि बाणाला असं कौशल्य नसतं. जिवंत माणसाला ते असतं, आणि प्रारब्धाच्या चर्चेत ही बाजू नेहमीच मागे राहते.

खरं तर असं घरंगळणं प्रत्येक प्रवासी अनुभवतो. नागपूरहून मुंबईला येणारं विमान साधारण शिर्डीच्या आसपासच्या आकाशात असताना, म्हणजे जमिनीपासून छत्तीस हजार फूट वर आणि मुंबईपासून दोनेकशे किलोमीटर दूर, इंजिनांचा आवाज एकदम मवाळ होतो. वैमानिकांनी किंवा संगणकानं थ्रॉटल अगदी मागे घेतलेले असतात. तिथून पुढचा बराच प्रवास इंजिनाच्या नाममात्र रेट्यावर, वजनाच्याच जोरावर होतो. आता काम उलटं: जवळ आहे ते घालवायचं. साठ टनांच्या विमानाची अकरा किलोमीटर उंचीमुळे असलेली ऊर्जा त्याच्या वेगामुळे असलेल्या ऊर्जेच्या सुमारे चौपट असते. दोन्ही मिळून घरच्या मीटरच्या भाषेत दोन हजारांहून अधिक युनिट होतात. ही सगळी ऊर्जा अर्ध्या तासात कुणाला तरी देऊन टाकल्याशिवाय विमानाला उतरता येत नाही.

घेणारी हवा आहे. पण हवेनं ती का घ्यावी, हाच एके काळी पेच होता. १७५२ मध्ये दालांबेर या फ्रेंच गणितज्ञानं गणितानं सिद्ध केलं की आदर्श, चिकटपणा नसलेल्या प्रवाहातून एकसमान वेगानं जाणाऱ्या वस्तूला काहीच विरोध होत नाही. सिद्धता निर्दोष आणि निष्कर्ष अनुभवाच्या उलट. हा पेच दीडशे वर्षं तसाच राहिला. १९०४ मध्ये लुडविग प्रांट्ल यांनी तो सोडवला. पृष्ठभागाला अगदी लागून असलेली हवा पृष्ठभागाला चिकटते, तिचा एक पातळ थर तयार होतो, आणि विरोधाचं मूळ त्या थरात आहे. वेग स्पर्शानं जातो, हे प्रशस्तपादांचं म्हणणं इतक्या शब्दशः खरं ठरावं, याचं नवल वाटतं. त्यांच्याजवळ गणित नव्हतं, निरीक्षण होतं.

वैमानिकाला या स्पर्शाचं प्रमाण वाढवता येतं. पंखावरच्या स्पॉयलरच्या फळ्या उभ्या राहिल्या की उचल मोडते आणि विरोध वाढतो. खिडकीशी बसलेल्याला त्या थरथरताना दिसतात आणि विमानभर एक गुरगुर जाणवते. फ्लॅप बाहेर येतात, चाकं खाली येतात, प्रत्येक वेळी हवेच्या वाटेत आणखी काहीतरी उभं राहतं. इंजिनाचा झोत पुढे वळवण्याचीही सोय असते, थ्रस्ट रिव्हर्सर. इंजिन उलटं फिरत नाही. पंख्यानं फेकलेली थंड हवा आडव्या झडपांनी अडवून जाळ्यांतून पुढच्या दिशेनं सोडली जाते. डीसी-८ आणि कॉन्कॉर्ड या विमानांना आतल्या बाजूच्या इंजिनांचे रिव्हर्सर हवेत वापरण्याची मुभा होती. नासानं स्पेस शटलच्या वैमानिकांना सरावासाठी दिलेली गल्फस्ट्रीम विमानं तर चाकं खाली सोडून आणि रिव्हर्सर उघडून आकाशातून कोसळल्यासारखी उतरत, कारण शटल तशीच उतरायची. बहुतेक प्रवासी जेट विमानांत मात्र हे जमिनीवर टेकल्यावरच करता येतं. २६ मे १९९१ ला बँकॉकहून व्हिएन्नाला निघालेल्या लाउडा एअरच्या बोइंग ७६७ चा डावा रिव्हर्सर चढत्या विमानात आपोआप उघडला. पुढे फेकल्या गेलेल्या हवेनं डाव्या पंखावरचा प्रवाह विस्कटला, उचल गेली, आणि काही सेकंदांत विमान हाताबाहेर गेलं. २२३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर रिव्हर्सरना आणखी एक स्वतंत्र कुलूप बसवण्यात आलं. थांबवण्याची शक्ती चालवण्याच्या शक्तीइतकीच मोठी असते, याची किंमत त्या माणसांनी मोजली.

थांबणं म्हणजे तरी काय? नागार्जुनांनी मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात गतीची चिकित्सा करताना हा प्रश्न टोकाला नेला. जाणारा थांबतो असं म्हणता येत नाही, कारण जात असताना तो थांबलेला नसतो; न जाणारा थांबतो असंही म्हणता येत नाही, कारण तो थांबलेलाच आहे; आणि या दोघांवेगळा तिसरा कुणी सापडत नाही. वाचणाऱ्याला हा शब्दांचा खेळ वाटू शकतो. तो तसा नाही. नागार्जुनांचं म्हणणं आहे की चालणं आणि थांबणं हे वस्तूचे स्वतःचे, स्वयंपूर्ण धर्म नाहीत. मुंबईच्या विमानतळावर फाटकाला लागलेलं विमान पृथ्वीच्या भ्रमणामुळे सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगानं पूर्वेकडे जात असतं, म्हणजे उडताना त्याचा जो वेग असतो त्याच्या जवळपास दुप्पट. तेच विमान पश्चिमेकडे उडू लागलं की पृथ्वीच्या अक्षाच्या संदर्भात त्याचा वेग कमी होतो. मग ते चाललं की थांबलं? कशाच्या संदर्भात, हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही, आणि इथपर्यंत गॅलिलिओनंतरचं विज्ञान नागार्जुनांच्या बरोबर येतं.

संदर्भ ठरवला तरी दुसरा प्रश्न उरतोच: थांबलेल्या वस्तूची गती गेली कुठे? यावर अठराव्या शतकाच्या आरंभी दोन थोर माणसांचं जे भांडण झालं ते धर्माचंच भांडण होतं. न्यूटननं ऑप्टिक्स या ग्रंथात लिहिलं होतं की जगातली गती मिळण्यापेक्षा हरवण्याकडेच झुकलेली आहे, ती सतत घटते आहे. म्हणून तिला भर घालणारी सक्रिय तत्त्वं हवीत. ग्रहांची घडीही कालांतरानं विस्कटेल आणि ती पुन्हा नीट करावी लागेल, असं त्याला वाटे. १७१५ मध्ये लायब्निझनं युवराज्ञी कॅरोलाइन यांना लिहिलेल्या पत्रात यावर हल्ला चढवला. ज्या ईश्वराला आपलं घड्याळ अधूनमधून चावी देऊन दुरुस्त करावं लागतं तो कसला कारागीर? न्यूटनच्या बाजूनं सॅम्युएल क्लार्क यांनी उत्तर दिलं: ज्या राज्यात राजाला करण्यासारखं काही उरतच नाही, तिथे तो नावाचाच राजा. लायब्निझ १७१६ मध्ये वारला तेव्हाच हा पत्रव्यवहार थांबला.

त्याच्या शेवटच्या पत्रात एक विचार आहे. दोन मऊ गोळे आपटून थांबले तर त्यांची शक्ती नष्ट झालेली नसते, ती त्यांच्या बारीक कणांत वाटली गेलेली असते. मोठं नाणं मोडून चिल्लर घ्यावी तसं. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रस्थापित व्हायला अजून सव्वाशे वर्षं जायची होती. उष्णता म्हणजे कणांची हालचाल, हे मोजमापानं सिद्ध व्हायचं होतं. ब्रेकच्या तापलेल्या तबकड्या, पंखांमागे ढवळलेली हवा, धावपट्टीवर घासलेलं रबर, या सगळ्यांत विमानाचा वेग चिल्लर होऊन पडलेला असतो. विमान थांबतं, पण बेरीज तीच राहते.

न्यूटनच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चिल्लर झालेली ऊर्जा नष्ट होत नसली तरी पूर्वीसारखी उपयोगीही राहत नाही. ब्रेकची सगळी उष्णता गोळा करून विमान पुन्हा उडवता येत नाही, आणि हेही एकोणिसाव्या शतकात सिद्ध झालं. जग सतत काहीतरी गमावत आहे ही न्यूटनची जाणीव खोटी नव्हती. गमावलं जातं ते गतीचं प्रमाण नव्हे, तिची शिस्त. लायब्निझचा परिपूर्ण कारागीर आणि न्यूटनचा जागता राजा या दोघांपैकी एकाचाच विजय झाला असं म्हणणाऱ्यांनी हा दुसरा नियम वगळून हिशेब मांडलेला असतो.

विमानतळांवरच्या नियंत्रकांना या चिल्लरीचा हिशेब रोज ठेवावा लागतो. उचल देणाऱ्या प्रत्येक पंखाच्या टोकाशी हवा गुंडाळली जाते आणि विमानामागे दोन उलट दिशांनी फिरणारे भोवरे सुटतात. उचल घेतल्याची ती किंमत असते, आणि विमान जितकं जड आणि संथ तितके ते भोवरे जबर. विमान निघून गेल्यावरही ते मिनिट-दोन मिनिटं हवेत खाली सरकत फिरत असतात, डोळ्यांना न दिसता. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जड विमानामागून येणाऱ्या मध्यम वजनाच्या विमानाला पाच सागरी मैलांचं अंतर ठेवावं लागतं, हलक्याला सहा. ए-३८० पुढे असेल तर मध्यम विमानाला सात आणि हलक्याला आठ. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर, जिथे एका वेळी एकच धावपट्टी वापरली जाते, संध्याकाळी उतरणाऱ्या विमानांमधलं अंतर किती ठेवायचं हे ठरवताना पुढच्या विमानानं हवेत सोडलेली ही गती हिशेबात धरावीच लागते.